हेडफोनचा एक कान बंद झाला, तर टाकून देण्याआधी काय काय तपासावे

कापूस वेचणीचे दिवस होते. माझे वडील चोपडा तालुक्यातल्या आमच्या वावरात दुपारची भाकरी खाऊन निंबाच्या सावलीत बसले, की मोबाईलवर कीर्तन ऐकतात. एके दिवशी त्यांनी तक्रार केली, की बुवांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. टाळ आणि मृदंग मात्र बऱ्यापैकी ऐकू येतात. त्यांनी तालुक्याच्या गावी जाऊन नवा इअरफोन आणला, तर त्याचेही तेच. आणखी एक आणला, त्याचेही तेच. घरातल्या खुंटीवर तीन इअरफोन लटकलेले पाहिले, तेव्हा मी तो मोबाईल हातात घेतला आणि दुसऱ्या मोबाईलची बॅटरी मारून त्याच्या हेडफोनच्या भोकात डोकावलो. तळाशी करडे काहीतरी दिसत होते. मोबाईल बंद करून लाकडी टूथपिकने हळूहळू कोरल्यावर बाहेर आली ती कापसाच्या तंतूंची चकती: मसुराच्या डाळीएवढी, दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली. वेचणी करताना मोबाईल सदऱ्याच्या खिशात असायचा, खिशात तंतू आणि फुफाटा जायचा, आणि प्रत्येक वेळी पिन घालताना तो थर तळाशी ठासला जायचा. पिन पूर्ण आत जातच नव्हती. जेमतेम दीड मिलीमीटर बाहेर राहत होती. चकती निघाल्यावर तिन्ही इअरफोन स्वच्छ वाजले.

तेव्हापासून घरातले, शेजारपाजारचे आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांचे बिघडलेले हेडफोन माझ्याकडे येऊ लागले. त्यांतल्या बऱ्याच हेडफोनना काहीही झालेले नव्हते, आणि ज्यांना झाले होते त्यांचा दोष बहुधा पिन, वायर किंवा जाळी अशा हाताशी असलेल्या जागी होता. म्हणून पुढील पद्धत मी बाहेरून आत जाणारी ठेवली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलल्यावर ऐकून पाहावे, एवढा नियम पाळला तर दोष सापडतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर हेडफोन सुरू झाला तरी तो कशामुळे झाला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सुरुवात अदलाबदलीने करावी

आपला हेडफोन दुसऱ्या मोबाईलला जोडावा आणि दुसऱ्याचा चांगला हेडफोन आपल्या मोबाईलला जोडावा. आपला हेडफोन दुसरीकडे नीट वाजला, तर दोष आपल्या मोबाईलमध्ये आहे. दुसऱ्याचा हेडफोन आपल्या मोबाईलवर नीट वाजला, तर दोष हेडफोनमध्ये आहे. ही तपासणी दोन मिनिटांची असते, तरीही लोक ती टाळून थेट दुकान गाठतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अदलाबदलीतला दुसरा भाग असा, की हेडफोन उलटा घालावा, म्हणजे डावा भाग उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात. आधी डाव्या कानाला कमी ऐकू येत होते आणि आता उजव्या कानाला कमी येत असेल, तर दोष हेडफोनचा किंवा मोबाईलचा आहे, कानाचा नाही. परंतु उलटा घालूनही डाव्याच कानाला कमी येत असेल, तर दोष आपल्या कानाकडे आहे. बहुतेक वेळा कानात मळ साचलेला असतो. मात्र एका कानाचे ऐकणे एका-दोन दिवसांत अचानक उतरले असेल, तर हेडफोन बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, कारण अशा अचानक आलेल्या बहिरेपणावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते.

चाचणीसाठी कोणता आवाज लावायचा, यालाही महत्त्व आहे. काही जुन्या ध्वनिमुद्रणांत वाद्ये एका बाजूला आणि गायक दुसऱ्या बाजूला असतो. असे गाणे लावून तपासले, तर चांगला हेडफोनही बिघडलेला वाटतो. त्यासाठी यूट्यूबवर डावी-उजवी बाजू तपासण्याचे छोटे व्हिडिओ मिळतात, ज्यांत आवाज आधी एका आणि मग दुसऱ्या कानात येतो. तपासणी नेहमी त्याच एका व्हिडिओवर आणि त्याच आवाजाच्या पातळीवर करावी.

मोबाईलमधील कारणे

दोष मोबाईलकडे निघाला, तर आधी सेटिंगमध्ये जावे. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत सुलभतेच्या, म्हणजे अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या विभागात डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल साधणारी एक सरकपट्टी असते. लहान मुलांच्या हातात मोबाईल गेला, की ती एका टोकाला सरकते आणि एक कान पूर्ण बंद होतो. ती मध्यावर आणावी. त्याच ठिकाणी मोनो ऑडिओ नावाचा पर्याय असतो. तो चालू केला, की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच येतो. ज्यांना एकाच कानाने ऐकू येते त्यांच्यासाठी तो फार उपयोगाचा आहे. इतरांनी तो बंद ठेवावा. त्यानंतर मोबाईल एकदा बंद करून सुरू करावा.

सेटिंग ठीक असेल, तर भोक तपासावे. पिन आत घातल्यावर शेवटी 'टक्' असा स्पष्ट अटकाव जाणवला पाहिजे आणि पिनेचा धातू बाहेर दिसता कामा नये. खान्देशात कापसाचे तंतू, उन्हाळ्यातला फुफाटा आणि खिशातला चुरा यांमुळे हे भोक हमखास भरते. जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये तर मला तो कचरा दर वेळी सापडतो. तो काढताना मोबाईल बंद ठेवावा, भोक जमिनीकडे करावे आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकची बारीक काडी कडेकडेने फिरवावी. टाचणी, सुई किंवा साडीपिन घालू नये, कारण आतल्या पत्र्याच्या स्प्रिंगा वाकतात आणि दोन संपर्क एकमेकांना चिकटू शकतात. तोंडाने फुंकरही मारू नये. फुंकरीबरोबर वाफ आत जाते आणि धुळीचा चिखल होतो. यूएसबी-सीचे भोक साफ करताना अधिक जपावे, कारण त्याच्या मधोमध संपर्कांची पातळ पट्टी असते आणि ती मोडली तर चार्जिंगही बंद पडते.

हेडफोन काढून घेतल्यावरही मोबाईलवर हेडफोनचे चिन्ह दिसत राहते आणि स्पीकरमधून आवाज येत नाही, हा प्रकारही याच कचऱ्याचा किंवा ओलाव्याचा असतो: आत पिन आहे, अशी मोबाईलची समजूत झालेली असते. साफसफाई करून, पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करून पाहावी.

यूएसबी-सीच्या हेडफोनबाबत एक वेगळाच घोटाळा आहे. काही स्वस्त यूएसबी-सी इअरफोन आणि अ‍ॅडॉप्टर मोबाईलने तयार केलेला आवाज नुसता पुढे नेतात, तर काहींमध्ये आवाज तयार करणारी स्वतःची चिप असते, जिला डॅक म्हणतात. अनेक मोबाईल यूएसबी-सीतून तयार आवाज बाहेर देतच नाहीत. त्यांना चिप असलेलाच अ‍ॅडॉप्टर लागतो. मित्राच्या मोबाईलवर वाजणारा अ‍ॅडॉप्टर आपल्या मोबाईलवर गप्प बसतो, त्याचे हे कारण आहे, आणि त्यात बिघाड कोणाचाच नसतो. खरेदी करताना डॅक असलेला अ‍ॅडॉप्टर मागावा.

वायरच्या हेडफोनची तपासणी

वायरचा हेडफोन समजून घ्यायचा तर त्याची पिन जवळून पाहावी. पिनेवर काळ्या किंवा पांढऱ्या बारीक रेघा असतात. त्या धातूचे भाग एकमेकांपासून वेगळे करतात. दोन रेघा असतील तर तीन भाग होतात: टोकाचा भाग डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा, आणि बुडाकडचा दोघांचा सामाईक, ज्याला ग्राउंड म्हणतात. तीन रेघा असतील तर भाग चार होतात आणि चौथा माइकचा असतो. सध्याच्या बहुतेक मोबाईलमध्ये टोकाकडून डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक असा क्रम असतो. काही जुन्या उपकरणांत ग्राउंड आणि माइक यांची जागा उलटी असते. अशा उपकरणात आजचा हेडफोन घातला, की आवाज पोकळ येतो आणि वायरवरचे बटण दाबून धरले, की नीट येतो. बटण दाबल्याने ग्राउंड आणि माइक एकमेकांना जोडले जातात, म्हणून हे घडते. ही खूण दिसली, तर हेडफोन चांगला आहे असे समजावे.

वडिलांच्या कीर्तनाचे कोडेही इथेच सुटते. दोन्ही कानांची सामाईक ग्राउंडची वायर तुटली, किंवा पिन अर्धवट बसल्याने तिचा संपर्क सुटला, तर दोन्ही कानांना डाव्या आणि उजव्या आवाजातला केवळ फरक ऐकू येतो. गायक किंवा कीर्तनकार यांचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असतो, त्यामुळे त्यातला फरक जवळजवळ शून्य होतो आणि तो आवाज नाहीसा होतो. टाळ, मृदंग, घुमारा हे दोन्हीकडे थोडे वेगळे असल्यामुळे उरतात. म्हणून गाण्यातला गायक गेला आणि संगीत उरले, तर कानातल्या भागाला दोष न देता सरळ पिन आणि ग्राउंड तपासावे.

आता वायर. आवाज लावून हेडफोन कानात ठेवावा आणि दुसऱ्या हाताने वायर इंचाइंचाने हळूच वाकवत जावे. पिनेच्या बुडाशी, दोन वायरी फुटतात त्या जागी, बटणाच्या डबीच्या दोन्ही टोकांना आणि कानातल्या भागाच्या तोंडाशी अधिक वेळ थांबावे. जिथे वाकवल्यावर खरखर होते किंवा आवाज येतो-जातो, तिथे आतली तार तुटलेली असते. माझ्या अनुभवात ही तुटलेली जागा सर्वाधिक वेळा पिनेपासून बोटभर अंतरात असते, कारण खिशातल्या मोबाईलला जोडलेली पिन बसता-उठता तिथेच वाकते.

गाणे आपोआप थांबणे, पुढचे गाणे लागणे, मध्येच बोलणारा सहायक सुरू होणे, हे प्रकार दिसले तर बटणाच्या डबीत घाम किंवा पाणी गेले आहे असे समजावे. हेडफोन मोकळ्या हवेत दोन दिवस टांगून ठेवला, तर बहुधा सुधारतो.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे, त्यांनी तो ओहमवर, म्हणजे तारेचा रोध मोजण्याच्या खुणेवर, लावून एक टोक ग्राउंडच्या भागाला आणि दुसरे आधी पिनेच्या टोकाला, मग मधल्या भागाला लावावे. कानात घालायच्या साध्या इअरफोनमध्ये साधारण १६ ते ३२ ओहम दिसतात आणि दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास सारखे असतात. एका बाजूला आकडाच आला नाही, तर त्या बाजूची तार किंवा कानातल्या भागातले तारेचे बारीक वेटोळे तुटले आहे. आकडा शून्याजवळ आला, तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मीटर लावताना त्या कानातून बारीक 'टक्' असा आवाज येतो. वायर हलवल्यावर तो टक् आला, तर तुटलेली जागा सापडलीच. मल्टिमीटर नसेल, तर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेऊन, हेडफोन कानातून काढून, दोन बारीक तारांनी हेच संपर्क क्षणभर करावेत. चालू असलेला कान टक् करतो. सेल चिकटवून धरू नये, केवळ स्पर्श करावा.

नवी पिन जोडणे

पिनेजवळची तार तुटली असेल, तर हे काम घरी होण्यासारखे आहे. बारीक टोकाची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार आणि चार भागांची नवी पिन एवढे सामान इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. जळगाव, धुळे, भुसावळ येथे अशी दुकाने आहेत. माइक नसलेल्या हेडफोनला तीन भागांची पिन घ्यावी.

तुटलेल्या जागेच्या पुढे, कानाकडच्या बाजूला, दोन-तीन सेंटीमीटर सोडून वायर कापावी. सर्वांत आधी नव्या पिनेचे झाकण वायरीत ओवून घ्यावे. ते राहिले, तर सगळी जोडणी पुन्हा उकलावी लागते. मग वरचे आवरण दीड सेंटीमीटर सोलावे. आत केसासारख्या बारीक रंगीत तारांचे पुंजके दिसतील आणि त्यांच्याबरोबर रेशमासारखा पांढरा दोरा असेल. हा दोरा ताण सोसण्यासाठी असतो. त्याची पिनेच्या बुडाशी गाठ मारता आली तर जोड टिकतो.

आता खरी मेख. त्या तारांचा लाल, हिरवा, निळा रंग हे त्यांच्यावरचे लाखेसारखे विद्युतरोधक आवरण असते आणि ते दिसत असतानाही तार उघडी आहे असे वाटते. तशीच जोडली, तर जोड सुंदर दिसतो आणि आवाज काही येत नाही. सॅंडपेपरने घासावे तर तारा तुटतात. म्हणून आयर्नच्या टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घ्यावा आणि तारेचे टोक त्या थेंबात बुडवून तीन-चार सेकंद धरावे. लाख जळून बारीक धूर निघतो, उग्र वास येतो, आणि क्षणात लाल तार चंदेरी होते. तो चंदेरी रंग टोकापासून तीन मिलीमीटर सलग चढला, की तार तयार झाली. खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड धुराच्या रेषेत ठेवू नये. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

रंगांचा नियम सगळे कारखाने पाळत नाहीत. साधारणतः लाल उजव्याची, हिरवी किंवा निळी डाव्याची आणि तांब्याच्या रंगाची ग्राउंडची असते, परंतु डोळे झाकून त्यावर विसंबू नये. तीन तारा असतील, तर मल्टिमीटरने दोन-दोन तारांच्या तिन्ही जोड्या मोजाव्यात. समजा दोन जोड्यांत ३२ ओहम आले आणि तिसऱ्या जोडीत ६४ आले, तर ज्या जोडीत दुप्पट आकडा आला त्या दोन तारा डाव्या आणि उजव्या कानाच्या आहेत, आणि उरलेली ग्राउंडची आहे. कारण डावी ते उजवी जाताना प्रवाह दोन्ही कानांतून जातो. डावी कोणती, हे मीटरच्या टक् आवाजावरून कळते. माइकची तार असेल, तर तिचा आकडा या सगळ्यांपेक्षा पुष्कळ मोठा येतो. काही हेडफोनमध्ये दोन्ही कानांच्या ग्राउंडच्या तारा वेगळ्या येतात; त्या एकत्र पिळून जोडाव्यात.

मग प्रत्येक तार पिनेच्या तिच्या तिच्या भागाला सोल्डरने जोडावी. जोडणी झाल्यावर झाकण लावण्यापूर्वी मीटरने पुन्हा तपासावे आणि मोबाईलवर ऐकून पाहावे. सगळे ठीक असेल तरच झाकण फिरवावे. बुडाशी उष्णतेने आवळणारी नळी चढवली, तर तीच वायर पुन्हा लवकर तुटत नाही.

कानातल्या भागातले वेटोळेच तुटले असेल, तर स्वस्त इअरफोनमध्ये दुरुस्तीच्या मागे लागू नये. डोक्यावरच्या मोठ्या हेडफोनमध्ये मात्र आतला स्पीकर बदलून मिळू शकतो.

ब्लूटूथचे हेडफोन

इथे वायर नाही, म्हणून दोष तीन ठिकाणी शोधावा: जोडणी, चार्जिंग आणि जाळी.

जोडणीचा सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे हेडफोन घरातल्या दुसऱ्याच मोबाईलला किंवा टीव्हीला जोडला जाणे. ब्लूटूथ हेडफोन पूर्वीची अनेक उपकरणे लक्षात ठेवतो आणि सुरू होताच त्यांतले जे आधी सापडेल त्याला जाऊन मिळतो. शेजारच्या खोलीतल्या भावाच्या मोबाईलचे ब्लूटूथ बंद करून पाहावे. जोडला गेला आहे असे दिसते आणि तरीही गाणे ऐकू येत नाही, तर अँड्रॉइडमध्ये त्या हेडफोनच्या नावासमोरच्या चक्रावर बोट ठेवून मीडिया ऑडिओ चालू आहे का ते पाहावे. कॉल आणि गाणी यांची बटणे वेगळी असतात.

इतके करूनही जमले नाही, तर जोडणी मुळापासून नवी करावी. मोबाईलच्या यादीतून हेडफोन विसरायला सांगावा. मोबाईलचे ब्लूटूथ बंद करावे. हेडफोन रीसेट करावा. मग मोबाईल बंद-चालू करून नव्याने जोडावा. रीसेटची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. बहुधा बटण किंवा स्पर्शाची जागा दहा ते वीस सेकंद दाबून धरावी लागते. खोक्यातली माहितीपत्रिका त्यासाठीच जपून ठेवावी. दोन सुट्या इअरबडपैकी एकच वाजत असेल, तर दोन्ही चार्जिंगच्या डबीत ठेवून रीसेट करावे, म्हणजे ते आधी एकमेकांशी आणि मग मोबाईलशी जोडले जातात.

आवाज तुटक येत असेल, तर मोबाईल कोणत्या खिशात आहे हे पाहावे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते, आणि आपल्या शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. मोबाईल पँटच्या मागच्या खिशात असला, की लहरींना अख्खे शरीर ओलांडावे लागते. तो सदऱ्याच्या खिशात ठेवल्यावर अनेकांची तक्रार तिथेच मिटते. वायफायही याच पट्ट्यात चालते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल, तर मोबाईल त्यावर न्यावा.

लॅपटॉपवर ऑनलाइन वर्ग सुरू झाला, की संगीताचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो, ही अभ्यासिकेतल्या मुलांची कायमची तक्रार आहे. गाणी ऐकण्यासाठी ब्लूटूथ एक पद्धत वापरते आणि माइक सुरू झाला, की दुसरी, बोलण्यापुरती पद्धत वापरते, जिच्यात आवाजाचा दर्जा उतरतो. उपाय सोपा आहे: लॅपटॉपच्या ध्वनी-सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा. हेडफोन मग फक्त ऐकण्याचे काम करतो आणि आवाज पूर्वीसारखा होतो.

चार्जिंगचा दोष असा ओळखावा, की एक इअरबड रोज आधी संपतो किंवा सुरूच होत नाही. त्याच्या अंगावरचे दोन-तीन सोनेरी ठिपके आणि डबीतल्या बारीक पिना पाहाव्यात. घामातले क्षार तिथे साचून काळपट किंवा हिरवट थर धरतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाच्या काडीने ते पुसावेत, आणि पूर्ण वाळल्यावर इअरबड डबीत ठेवावा. नवा संच असेल, तर ठिपक्यांवर कारखान्यातली पारदर्शक पट्टी तशीच राहिली नाही ना, हेही पाहावे. बाजारातून मोठी रबरी टोपी घेऊन बसवली असेल, तर डबीचे झाकण लागते, पण इअरबड पिनांवर टेकत नाही. जुनी टोपी लावून तपासावे.

जाळीकडे तर सर्वांचेच दुर्लक्ष होते. एका बाजूचा आवाज हळूहळू, महिना-दोन महिन्यांत कमी झाला असेल, तर जवळजवळ खात्रीने जाळीवर कानातला मळ बसलेला असतो. रबरी टोपी काढावी, जाळीचे तोंड खाली करावे आणि मऊ, कोरड्या टूथब्रशने खालून हलकेच झाडावे, म्हणजे सुटलेला मळ आत न पडता खाली पडतो. टाचणीने टोचू नये. जाळीमागे कागदाहून पातळ पडदा असतो. बाहेरच्या अंगावर आणखी एखादे बारीक छिद्र असते, ते माइकचे किंवा हवेचे असते. समोरच्याला आपला आवाज दबका जात असेल, तर तेही याच ब्रशने झाडावे. टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून परत लावाव्यात.

मोठ्या हेडफोनमधून ठरावीक सुरांवरच फरफर ऐकू येत असेल, तर उशी काढून आत पाहावे. डोक्याचा एखादा केस जाळीतून जाऊन पडद्याला टेकलेला असतो आणि पडदा हलला की थरथरतो. चिमट्याने तो केस ओढून काढल्यावर फरफर थांबते.

आपला उन्हाळा आणि बॅटरी

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि ब्लूटूथ हेडफोनमधल्या लिथियम-आयन सेलसाठी चार्जिंगची कमाल मर्यादाही साधारण तेवढीच, म्हणजे ४५ अंशांची धरली जाते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत तर ती केव्हाच ओलांडली जाते. म्हणून पत्र्याच्या खोलीत भर दुपारी हेडफोन चार्जिंगला लावू नये. पहाटे किंवा रात्री लावावा. तापलेला हेडफोन चार्ज होण्याचे नाकारतो, तेव्हा तो बिघडलेला नसून स्वतःला वाचवत असतो. सावलीत अर्धा तास ठेवून मग लावावा. बरेच महिने पडून राहणार असेल, तर सेल पूर्ण रिकामा न ठेवता निम्मा भरून ठेवावा.

हेडफोनचे कवच फुगले, सांधा उघडला किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर त्याच क्षणी वापर थांबवावा. अशी वस्तू चार्जिंगला लावू नये, दाबू नये, उघडू नये. ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावी आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी. हा एकच दोष असा आहे, ज्याच्याशी घरी कोणताही प्रयोग करू नये.

उष्णता आणि घाम यांनी मोठ्या हेडफोनच्या उशांचे कृत्रिम कातडे दोन-तीन वर्षांत पापुद्रे धरते. उशी कानाभोवती नीट बसत नाही आणि खर्ज नाहीसा होतो. लोक म्हणतात हेडफोन 'पातळ' झाला. त्या मॉडेलच्या मापाच्या नव्या उशा घेऊन बसवल्या, की आवाज परत येतो.

पाण्यात पडलेला हेडफोन लगेच बंद करावा, कोरड्या फडक्याने पुसावा, टोप्या काढाव्यात आणि पंख्याखाली किमान दोन दिवस वाळू द्यावा. तोवर चार्जिंग अजिबात करू नये, कारण पाण्यापेक्षा ओल्या संपर्कांतून गेलेला प्रवाह अधिक नुकसान करतो. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने विशेष काही साधत नाही, उलट कोंडा भोकांत जातो. उन्हातही ठेवू नये. आयपीएक्स४ ही खूण घामाच्या आणि पाण्याच्या शिंतोड्यांपुरती असते. ती पाहून हेडफोन नळाखाली धरू नये.

दुकानात जाण्यापूर्वी

हमीची मुदत शिल्लक असेल, तर वर सांगितलेल्यांपैकी साफसफाई, अदलाबदल आणि रीसेट एवढेच करावे. वायर कापू नये आणि कवच उघडू नये, कारण त्याने हमी जाते. बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा, कारण उन्हात कागदी बिलावरची छपाई उडते. कोणत्या मोबाईलवर तपासले, कोणता कान बंद आहे आणि केव्हापासून, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. नुसते 'चालत नाही' म्हटले, की सेवा केंद्रात वस्तू जोडून, क्षणभर वाजवून परत दिली जाते. आवाज येतो-जातो असा दोष असेल, तर तो घडत असताना व्हिडिओ काढून न्यावा. हमी असूनही दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

हमी संपलेल्या वायरच्या हेडफोनला नवी पिन जरूर लावून पाहावी. सुट्या इअरबडमधला सेल थकला असेल, तर मात्र तो बदलण्याच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे: कवच चिकटवलेले असते, ते उघडताना सेलला टोच लागण्याचा धोका असतो, आणि परत चिकटवल्यावर घामापासूनचे संरक्षण राहत नाही. एकच इअरबड गेला असेल, तर काही कंपन्या तेवढाच सुटा विकतात. आधी ते विचारावे.

वडिलांच्या मोबाईलच्या भोकासाठी मी एक छोटे रबरी बूच आणले आहे, आणि वेचणी सुरू झाली की ते लावूनच मोबाईल वावरात जातो. तीन इअरफोनपैकी एक त्यांच्याकडे आहे, एक आईकडे, आणि तिसरा चाचणीसाठी माझ्या खणात ठेवला आहे. कोणी बिघडलेला मोबाईल घेऊन आले, की पहिल्यांदा तोच जोडून पाहतो.